तेल्हारा ते गेटवे : एका दिवसाचा समुद्र केवढ्याला पडतो?

मुंबईचा समुद्र दाखवायला पोरांना नेताय, तर हॉटेलचा खर्च आधी यादीतून काढा. रात्री गाडीत बसा, दिवस गेटवेवर काढा, रात्रीच परत निघा. स्लीपरने जाणाऱ्या मोठ्या माणसाला हे सारं साधारण दीड ते पावणेदोन हजारांत बसतं. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी गेटवेहून बोटीने बघायला जायची घारापुरीची लेणी बंद असतात.

तेल्हाऱ्याला मुंबईची गाडी नाही. एसटीने शेगाव किंवा अकोला गाठा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५च्या पुढे मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेत मात्र ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, आजोबांचं पूर्ण तिकीट धरा. पाच ते बारा वर्षांच्या पोराला वेगळा बर्थ मागितलात की त्याचंही पूर्ण भाडं. बर्थ नको असेल तर अर्धं.

विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती–मुंबई, दोन्ही सकाळी सीएसएमटीला उतरवतात. स्लीपरला एका बाजूचे साडेतीनशे ते चारशे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांसाठी त्याच दिवशी काढा. पैशांची खरी गळती इथेच होते. अधिकृत एजंटाला स्लीपरच्या एका तिकिटामागे २० रुपये आणि एसीमागे ४० रुपये घेता येतात, माणशी नव्हे. कुणी माणशी शंभर-दोनशे मागत असेल तर पावती मागा. ‘तत्काळ नक्की काढून देतो’ म्हणणाऱ्यावर तर विश्वासच ठेवू नका : तत्काळ एसीचं सकाळी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता सुरू होतं आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंदी असते. तेवढ्या वेळात तुम्ही स्वतःच काढा. रेल्वे आरक्षणाचं ऑनलाइन खातं आधारशी जोडलेलं हवं. पक्कं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत नाहीत.

सीएसएमटीवर सामान क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. कुलूप घरूनच न्या. तिथून गेटवे दोन-अडीच किलोमीटर. बेस्टचं किमान भाडं १० रुपये, एसी बसला १२. काळी-पिवळी टॅक्सी ३१ रुपयांपासून, मीटरनेच. स्टेशनाच्या दारात ‘दोनशे द्या’ म्हणणाऱ्याला सोडून चार पावलं पुढे जा.

गेटवे बघायला पैसे लागत नाहीत, फक्त बॅग तपासतात. पैसे लागतात ते बोटीला. घारापुरीची पहिली बोट नऊच्या सुमारास; तीच धरा. जाऊन-येऊन अडीचशे ते तीनशे, एका बाजूला तासभर. तिकीट खिडकीवरच घ्या. वरच्या मजल्यावर बसायचे, ग्रामपंचायतीच्या कराचे आणि धक्क्यावरच्या छोट्या गाडीचे दहा-वीस रुपये वेगळे, म्हणून सुट्टे ठेवा. लेण्यांचं तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना मोफत. पायऱ्या शंभरावर आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजीला न्यायचं की नाही ते गेटवेवरच ठरवा. डोलीवाल्याशी भाव करायचा तर ‘जाऊन-येऊन’ असा स्पष्ट करा. माकडं हातातली पिशवी, बाटली ओढतात. दशम्या बॅगेत ठेवा.

बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर झालेल्या बोटीच्या अपघातानंतर त्यात भिडस्तपणा परवडत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात. २६ जानेवारी, ४ डिसेंबरचा नौदल दिन, ३१ डिसेंबर यांच्या आसपास गेटवेवर बंदोबस्त असतो. तेव्हा ऐनवेळी परत फिरायची पाळी येते.

गेटवेवर फोटोवाले एक म्हणता म्हणता दहा काढतात आणि दहाचे पैसे मागतात. ‘एकच छापा’ हे आधी सांगा.

परतीच्या दोन्ही गाड्या संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान सुटतात, तेव्हा साडेसहाला स्टेशनात असा. शेगाव अपरात्री किंवा भल्या पहाटे येतं, तेव्हा मोबाइलवर गजर लावूनच झोपा. बाहेर ‘स्पेशल’ गाडीवाले उभे असले तरी उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसा आणि एसटीनेच घरी या.