शाळेतील दूध

मुलांनो, दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. इंग्लंड विजयी झाले. पण त्याची कोठारे रिती झाली होती. युद्धकाळातही जो पाव मोकळेपणाने मिळे, तो जुलै १९४६ पासून शिधापत्रिकेवर मिळू लागला. आणि पुढच्याच महिन्यापासून तेथील शाळकरी मुलांना रोज फुकट दूध देण्यास प्रारंभ झाला!

प्रत्येकाला लहानशी बाटली मिळे; तीत सुमारे १९० मिलिलिटर दूध असे. थंडीत ते गोठे. मग शिक्षक बाटल्या शेगडीजवळ मांडून ठेवीत. या शिक्षकांपैकी कित्येक जण नुकतेच सैन्यातून परतले होते. शिक्षकांची उणीव भरून काढण्यासाठी एका वर्षाच्या शिक्षणक्रमातून १९५१ पर्यंत सुमारे ३५,००० स्त्रीपुरुष तयार करण्यात आले.

श्रीमंताच्या व मजुराच्या मुलाला बाटली सारखीच मिळे. वाट मात्र सारखी नव्हती. अकराव्या वर्षी परीक्षा होई. थोडी मुले ग्रामर स्कुलात जात, बाकीच्यांना दुसऱ्या शाळा धराव्या लागत.

ती मुले आज वृद्ध झाली आहेत. ते कोमट दूध अनेकांना मुळीच आवडत नसे! तरीही, टंचाईच्या घरात आई पहिला घास लेकरांसाठी काढून ठेवते, तसेच त्या राष्ट्राने केले, हे विसरता येत नाही.