आकडा परत घरी यावा

वाङ्मय मंडळाच्या अंकात आरोग्याच्या आकडेवारीवर लेख कशाला, असे काही जण विचारतील. पण हे काम सुरू होते तेच मुळी शब्दांपासून. खेड्यात घरी मूल दगावते तेव्हा डॉक्टरचा दाखला नसतो. मग कार्यकर्ता त्या आईजवळ बसून विचारतो: बाळाने दूध कधी सोडले? छाती आत ओढली जात होती का? अंग गार पडले होते का? तिच्या बोलण्यातून मृत्यूचे कारण ठरवतात. या पद्धतीला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. म्हणजे आकड्याच्या मुळाशी कुणाची तरी कहाणीच असते.

लोकांच्या आरोग्याची अशी सतत नोंद ठेवणे म्हणजे आरोग्य-देखरेख. जनगणना हा दहा वर्षांनी काढायचा फोटो. देखरेख म्हणजे चुलीवरच्या दुधावर ठेवलेली नजर. उतू जाण्याआधी कळले तरच उपयोग. यातली तांत्रिक बाजू मोठी आहे, पण कोणताही आरोग्याचा आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ शकतो.

पहिला प्रश्न: किती जणांत?

हजार वस्तीचे गाव घ्या. तिथे वर्षाला साधारण २५ बाळंतपणे होतात. त्यातली तीन बाळे वर्षाच्या आत गेली तर गाव हळहळते आणि 'नशीब' म्हणून गप्प बसते. पण २५ मध्ये तीन म्हणजे हजारी १२०. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये आपल्या गावांत मोजणी केली, तेव्हा बालमृत्युदर हजारी १२१ निघाला. एका गावात बसून हे कुणालाच दिसले नसते. अनेक गावांच्या नोंदी एकत्र आल्या आणि दुःखाला आकार आला. किती मेले हा वरचा अंक. किती जन्मले हा खालचा. खालचा अंक नसेल तर वरच्याचा अर्थ लागत नाही.

दुसरा प्रश्न: मोजले कोणी, आणि पडताळले कोणी?

शंभर मेंढरांतले एक हरवल्याचे त्या मेंढपाळाला कळले, कारण त्याच्याकडे शंभराची मोजदाद होती. आपल्याकडे मात्र जे मूल जन्मले तेव्हा नोंदले गेले नाही आणि गेले तेव्हाही नोंदले गेले नाही, ते कागदावर कधी नव्हतेच. २००१ साली महाराष्ट्रातल्या १३ स्वयंसेवी संस्थांच्या अभ्यासाचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. त्याने हेच दाखवले: प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त होते.

यावरचा उपाय साधा आहे: एकाने मोजावे, दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासावे. देशाची नमुना नोंदणी पद्धत १९६९-७० पासून अशीच चालते. निवडलेल्या वस्तीत एक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक त्याची वही न पाहता घरोघरी जाऊन पुन्हा विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवतात. जिथे जुळत नाही तिथे पुन्हा जाऊन खातरजमा करतात. याच पद्धतीने २०२० चा बालमृत्युदर कळला: केरळ हजारी ६, देश २८, आणि आपला मध्य प्रदेश ४३, देशात सर्वांत जास्त. हा आकडा आपण पाठ करावा असे मला वाटते. लाज वाटावी म्हणून नव्हे. कुठे उभे आहोत ते ठाऊक असावे म्हणून.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: आकडा परत कोणाकडे गेला?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य. वेल्लोरला शिकून दोघांनी १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेक जणी दलित होत्या, अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. कोणाच्या घरी गरोदर बाई आहे, कोणते मूल वाळत चालले आहे, हे त्यांना तोंडपाठ. ही माहिती फाइलमध्ये पडून राहिली नाही. शेतकरी मंडळात, महिला मंडळात तिच्यावर बोलणे होई आणि काय करायचे ते गावच ठरवी. सुरुवातीला पावणेदोनशेच्या घरात असलेला तिथला बालमृत्युदर १९७०च्या दशकातच पन्नाशीच्या जवळ आला.

गडचिरोलीतही तेच. मोजणीत दिसले की न्यूमोनिया हे बाळांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. मग श्वास मोजायला दायांना शिकवले. ज्यांना फार पुढे आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मोजण्याची ताकद मोजल्या जाणाऱ्यांच्या हातात गेली. पुढे नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधल्या त्यांच्या लेखानुसार त्या गावांत नवजात-मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. २००३ पर्यंत तिथला बालमृत्युदर १२१ वरून ३० वर आला. आज देशभरच्या आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे ही वही आहे.

आता आपले भोपाळ. आम्ही सोनागिरीची माणसे शहराच्या पूर्वेला, भेलच्या बाजूला राहतो. कार्बाइडचा कारखाना जुन्या शहराच्या उत्तर अंगाला. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर शहराच्या ५६ पैकी ३६ प्रभाग बाधित ठरले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, बाधित भागातल्या सुमारे ८० हजार आणि तुलनेसाठी बाधा न झालेल्या भागातल्या सुमारे १६ हजार माणसांची यादी करून त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. जगात इतकी मोठी नोंद क्वचितच झाली असेल. तिच्यातून कळलेल्या गोष्टी भयंकर होत्या: त्या वेळी गरोदर असलेल्या बाधित स्त्रियांत शेकडा सुमारे २४ गर्भपात, तुलनेच्या भागात शेकडा सहाच्या आत.

पण हे अभ्यास १९९४ मध्ये थांबले आणि त्यांचा सविस्तर अहवाल छापून आला २००४ मध्ये. तोवर त्या वर्षी जन्मलेले मूल वीस वर्षांचे झाले होते. परिषदेची कायमची संशोधन संस्था भोपाळमध्ये उभी राहिली ती २०१० साली. ज्यांनी दर सहा महिन्यांनी दार उघडून खोकला, दम, पाळी, गर्भ यांबद्दल परक्या माणसाला सांगितले, त्यांच्यापर्यंत त्यांचाच आकडा वेळेवर पोचला नाही. शास्त्र म्हणून ती वही मोलाची आहेच. पण जामखेडच्या निरक्षर सेविकेने जे केले ते इथे राहून गेले.

आपल्यातले काही जण एनएसएसमधून वस्तीत सर्वेक्षणाला जातात, काही जण पुढे नर्सिंगला, समाजकार्याला जातील. फॉर्म भरताना बाईचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून घ्या. आणि बेरीज झाली की पुन्हा त्याच वस्तीत जाऊन, लोकांना समजेल अशा भाषेत, काय निघाले ते सांगा. हे दुसरे जाणे कुठल्याच फॉर्ममध्ये नसते, म्हणून ते आपणच कामात धरायचे. आणि आशा दीदी आपल्या दारी आली, तर घाईघाईने 'सब ठीक है' म्हणून तिला वाटेला लावू नका. बसायला सांगा, नीट उत्तर द्या, आणि विचारा: मागच्या वेळी लिहून नेले होते, त्याचे पुढे काय झाले?