सर्व्हर कोणी अडवला? प्रोसेसच्या गटाचा हिशोब



आमच्या शाळेच्या संगणक कक्षात लिनक्सचा एकच जुना सर्व्हर आहे, मेमरी ४ जीबी. मुलांसमोर फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस. सगळं काम सर्व्हरवरच चालतं. एकदा तास चालू असताना सगळेच स्क्रीन अडकले. मी 'टॉप' ही आज्ञा दिली आणि यादी मेमरीनुसार लावली. सर्वात वर चौथीतल्या एका मुलाचा ब्राउझर, जवळजवळ ७०० एमबी! मी त्याला सगळ्यांसमोर रागावले आणि ब्राउझर बंद केला. "बाई, मी काही नाही केलं," एवढंच तो म्हणाला. सर्व्हर मात्र तसाच रखडत राहिला.

माझं काय चुकलं, ते आधी समजून घेऊ.

चालू असलेल्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला हजेरीपटासारखा स्वतःचा क्रमांक असतो. तिला सुरू करणाऱ्या पालक प्रोसेसचा क्रमांकही तिच्या नावापुढे असतो. आणि तिसरा असतो गट क्रमांक. एका कामासाठी सुरू झालेल्या प्रोसेस साधारणपणे एकाच गटात असतात आणि गटप्रमुखाचा क्रमांक हाच गटाचा क्रमांक असतो. 'टॉप'ची यादी मात्र एकेका प्रोसेसची. एकटा मोठा खाणारा लगेच दिसतो, थोडं थोडं खाणारा घोळका दिसत नाही.

शाळा सुटल्यावर मी 'पीएस' आज्ञेकडून गट क्रमांक, सीपीयू आणि मेमरी हे तीन रकाने मागितले आणि 'ऑक' वापरून गटवार बेरीज केली. एका गटात २४ प्रोसेस, प्रत्येकी साधारण १२० एमबी. म्हणजे २,८८० एमबी! हा गट कोणाचा? माझाच. स्नेहसंमेलनाचे फोटो लहान करायला सकाळी मी एक स्क्रिप्ट लावून दिली होती आणि विसरून गेले होते.

ही बेरीज करताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. काही मेमरी प्रोसेस आपसात वाटून वापरतात. साध्या बेरजेत ती पुन्हा पुन्हा मोजली जाते, म्हणून आकडा थोडा फुगतो. माझाही फुगलेलाच होता.

२. 'पीएस' दाखवतो तो सीपीयूचा टक्का प्रोसेस सुरू झाल्यापासूनचा सरासरी असतो. आत्ताची स्थिती 'टॉप'मध्ये बघा.

३. प्रोसेस आपला गट सोडून नवा गट करू शकते. मग ती बेरजेतून निसटते.

या तिसऱ्या अडचणीवर लिनक्समध्ये 'सीग्रुप' ही सोय आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं आणि २००८ मध्ये ते लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं. इथे नवी प्रोसेस आपोआप पालकाच्याच सीग्रुपमध्ये जाते, हिशोब कर्नल स्वतः ठेवतो आणि गटाला मेमरीची मर्यादाही घालता येते. 'सिस्टीमडी-सीजीटॉप' ही आज्ञा असा गटवार खर्च दाखवते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. मग हाच हिशोब खेळातून घेतला. तुम्हीही घेऊ शकता, संगणक नसला तरी चालेल.

नऊ चिठ्ठ्या करा. गट क: एकच चिठ्ठी, तिच्यावर ९. गट ख: सहा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर ३. गट ग: दोन चिठ्ठ्या, ४ आणि २. आधी फक्त आकडे दाखवून विचारा, "सगळ्यात जास्त लाडू कोणी खाल्ले?" मुलं ९ कडे बोट दाखवतील. आता गटवार बेरीज करायला सांगा: ९, १८ आणि ६.

आमच्या वर्गात १८ हे उत्तर सगळ्यात आधी त्याच मुलाने दिलं.