एम-३ हाफ-ट्रॅक : कवच आणि पट्टा

प्रश्न : अमेरिकी एम-३ हाफ-ट्रॅकची १:३५ प्रमाणातील प्रतिकृती तयार संचाविना घडवताना कवचाची जाडी व पट्टे कसे साधावेत?

उत्तर : पुढे चाके आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या दुसऱ्या महायुद्धातील या वाहनाच्या बाजूंचे पोलादी कवच सुमारे ६.३५ मिलिमीटर जाड होते, म्हणजे या प्रमाणात ते जेमतेम ०.१८ मिलिमीटर भरते. परंतु एवढ्या पातळ स्टायरीनची, अर्थात सहज कापता-चिकटवता येणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्याची, पेटी वाकडी होत असल्याने अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा घेऊन उघड्या माथ्यावरून दिसणाऱ्या कडाच तेवढ्या आतून तिरप्या तासणे इष्ट. मूळ पत्रे बोल्टांनी जोडलेले असल्यामुळे त्यांची डोकी वगळल्यास प्रतिकृती निर्जीव भासते; हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

पट्ट्याच्या बाबतीत मात्र एम-३ उपकारक ठरतो, कारण जर्मन हाफ-ट्रॅकप्रमाणे सुट्या पोलादी कड्यांची साखळी न वापरता त्यात पोलादी तारांनी बळकट केलेला अखंड रबरी पट्टा असे, आणि त्यामुळे पातळ स्टायरीनची एकच पट्टी गरम पाण्यात मऊ करून, पुढील दातेरी चालकचक्र व मागील ताणचक्र पक्के बसवल्यानंतर, त्यांभोवती वळवता येते.