मुळीला आधी हवा

शेती आता तू बघणार आहेस, तर पानांआधी मुळीकडे बघायला शीक. पान पिवळं पडलं की औषधाच्या दुकानात धावणारे गावात ढीगभर आहेत. खुरपं घेऊन बुंध्यापाशी वीतभर उकरून बघणारा एखादाच. उकरलंस की दोन तऱ्हेची मुळं दिसतील. जाड, तपकिरी मुळं झाडाला धरून ठेवतात आणि आलेलं पाणी वर पोचवतात. खाणारी ती पांढरी मुळी. मातीत घुसताना टोक खरचटू नये म्हणून तिला अंगुस्तानासारखी टोपी असते आणि टोकाच्या जरा मागे बारीक लव. पाणी, खत ओढायचं मोठं काम या लवेचं. ती फार टिकत नाही. मुळी पुढे सरकेल तशी नवी फुटते. म्हणून पांढरी मुळी थांबली की झाड उपाशी.

आपल्या काळ्या रानात ती थांबते बहुतेक वेळा पाण्यानेच. मुळीलाही श्वास लागतो. पाणी तुंबलं की ती गुदमरते, ओढायची थांबते आणि भर चिखलात पीक माना टाकतं. ते बघून वर आणखी पाणी सोडणारे महाभाग आहेतच. तू आधी वाफसा बघ. वीतभर खोलीवरची मूठभर माती घे, दाबून गोळा कर आणि कमरेच्या उंचीवरून सोड. गोळाच वळला नाही तर पाणी दे. पडून फुटला तर वाफसा आहे, थांब. पचकन बसला तर मोटार विसर आणि चर काढ. कोकणात खाडीकाठी तिवरं बघितलीस का? चिखलात हवा नाही म्हणून त्यांची मुळं बोटाएवढी सरळ वर येतात आणि छिद्रांतून श्वास घेतात. सोयाबीनला ती सोय नाही.

सोयाबीन, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठीही अशाच हवेवर जगतात. महिन्याचं पीक झालं की एक रोप मातीसकट उकरून काढ, उपटू नकोस. उपटलं की गाठी मातीतच राहतात. गाठ नखाने चीर. आत गुलाबी-लाल असेल तर ती हवेतला नत्र बांधतेय, युरियावर पैसे घालवू नकोस. उलट जास्त युरियाने गाठी कमी होतात. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचे जीवाणू लावताना दुकानदाराकडे पिकाचं नाव सांगून पाकीट माग, सोयाबीनचं हरभऱ्याला चालत नाही. बुरशीनाशक आधी, जीवाणू शेवटी, आणि बी सुकवायचं ते सावलीत.

झाडांचं थोडक्यात सांगतो. बुंध्याशी खत ओतू नकोस, तिथे खाणारी मुळं फारशी नसतात. दुपारी बाराच्या सावलीची कड जिथे पडते, तिथे आळं कर. नर्सरीतल्या रोपाची पिशवी फाडल्यावर बुडाशी मुळांचं वेटोळं दिसलं तर धारदार कात्रीने छाटून टाक. जीव होणार नाही, पण छाट. वेटोळं राहिलेलं झाड मोठं झाल्यावर वादळात उभंच्या उभं उपटतं. भाजीची रोपं लावायची ती उन्हं कलल्यावर, वाफा आधी भिजवून, मुळाशी माती राखून. लव तुटली तर रोप तिथेच आठवडाभर रुसतं.

गाजर-मुळ्याला मात्र रान भुसभुशीत हवं. खाली दगड-ढेकूळ लागलं की सोटमूळ फाटे फोडतं आणि तो माल बाजारात कुणी उचलत नाही.

मक्याच्या खालच्या पेरांवर मुळं फुटताना दिसली की मातीची भर दे, ताट लोळणार नाही. उसाचंही तेच, फक्त बांधणीला उशीर करू नकोस. भुईमुगाला मात्र वेगळा नियम. त्याच्या शेंगा मुळांना लागत नाहीत. फूल गळाल्यावर आऱ्या खाली उतरतात आणि मातीत जाऊन शेंग धरतात. आऱ्या सुटल्या की कोळपं घालायचं बंद. जेवढ्या आऱ्या तुटल्या, तेवढ्या शेंगा गेल्या.