घाटातील बिऱ्हाड

देवासच्या मुलांना आगगाडीचे अप्रूप नाही. धारच्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना मात्र ती पाहावयाची तर इंदूर, महू किंवा रतलाम गाठावे लागे. इंदूर-दाहोद मार्गाची कोनशिला २००८ साली बसली, तेव्हापासून तिकडच्या घरांतून रेल्वेचा विषय निघाला की ‘गाडी केव्हा येणार?’ हाच प्रश्न ऐकू येई. ती आणणारे कोण, हे सहसा कोणी विचारीत नाही. इतिहासाच्या तासाला आपण १६ एप्रिल १८५३ ही तारीख पाठ करतो. बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या त्या पहिल्या गाडीचे वर्णनही वाचतो. पण ज्याने माती उपसली तो मजूर आणि त्याचे घरदार पाठ्यपुस्तकात आपल्याला भेटत नाही. त्या घरदाराची ओळख करून घ्यावयाची तर क्षणभर माळवा सोडून सह्याद्रीत जावे लागेल.

मुंबईची गाडी पुण्याकडे न्यावयाची तर मध्ये बोरघाट आडवा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांनी घाटाची आखणी केली आणि १८५६ साली काम सुरू झाले. अंतर अवघे सोळा मैलांच्या आत. पण तेवढ्यात १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि दऱ्यांवरील उंच कमानींचे पूल. काही ठिकाणी कडा इतका सरळ, की पाय ठेवावयास जागा नाही. तेथे मजूर दोरांनी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडीत. १८६१ साली या घाटात एका वेळी ४२,००० माणसे राबत होती. एवढी वस्ती त्या काळच्या कित्येक संस्थानांच्या राजधानीतही नसेल!

ही माणसे एकेकटी आलेली नव्हती. मातीकामात पिढ्यानुपिढ्या मुरलेले वडार तर सगळे बिऱ्हाडच घेऊन येत. पुरुषाने कुदळीने खणावे, बायकोने पाटी भरून डोक्यावर घ्यावी, पोरांनी आपापल्या बेताची लहान पाटी उचलावी. मजुरी रोजावर नव्हे, उपसलेल्या मातीच्या मापावर मिळे. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता उभा ठेवीत. त्याच्या उंचीवरून खोली मोजली जाई. म्हणजे त्या खांबाच्या उंचीत बापाची कुदळ जशी होती, तशीच आठ वर्षांच्या मुलीची पाटीही होती. मात्र हिशेबात त्या मुलीची निराळी नोंद नसे.

पावसाळा आला की घाटातील काम मंदावे आणि शेतीवाडी असलेले मजूर पेरणीसाठी गावाकडे परतत. माझी मातृभाषा कोकणी. आमच्याकडे ‘वावर’ म्हणजे काम आणि ‘वावराडी’ म्हणजे कामकरी. मराठीत वावर म्हणजे शेत. मराठी शिकताना हा घोटाळा मला फार छळी. घाटातील मजुरांना मात्र दोन्ही अर्थ लागू पडत, कारण त्यांची फेरी वर्षभर या वावरातून त्या वावरात चाललेली असे.

कंत्राटदार फेव्हिएल यांच्या हाताखाली उपकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि सर्वांत शेवटी मजूर. पैसा वरून खाली येताना वाटेत मुरे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली व तीत एक युरोपीय माणूस मारला गेला. त्याच वर्षी फेव्हिएल यांनी काम सोडले. पुढच्या वर्षी सरकारने अशा तंट्यांसाठी कायदा केला. त्याने मजुरीची दाद लवकर लागण्याची सोय केली. तथापि करार मोडून निघून जाणाऱ्या मजुरास शिक्षाही त्याच कायद्याने ठेविली.

नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली मुंबईस उतरले आणि महिना उलटण्यापूर्वीच मरण पावले. त्यांच्या विधवा पत्नी ॲलिस यांनी विलायतेस परत न जाता कंत्राट पुढे चालविले आणि १८६३ साली घाट गाडीला मोकळा झाला. बाई खरीच धीराची. तिचे नाव इतिहासात राहिले हे योग्यच झाले. पण त्याच सुमारास घाटात पटकीची साथ फिरत होती व मजुरांच्या झोपड्यांतून माणसे पटापट मरत होती. त्या झोपड्यांतही विधवा झाल्या असतील आणि दुसऱ्याच दिवशी पाटी घेऊन उभ्या राहिल्या असतील. त्यांपैकी एकीचेही नाव आपल्यापाशी नाही.

नाव कागदावर राहिले तर काय होते, याचे उदाहरण दूरदेशीचे आहे. १८३२ साली आयर्लंडच्या डेरी बंदरातून ‘जॉन स्टँप’ नावाचे गलबत अमेरिकेस गेले. त्यातील बरेचसे उतारू पेनसिल्व्हेनियात डफी नावाच्या कंत्राटदाराकडे रेल्वेच्या खोदाईस लागले. सहा-आठ आठवड्यांत पटकी आली; ५७ आयरिश माणसे मेली आणि भरावाशेजारीच पुरली गेली. पुढे पावणेदोनशे वर्षांनी संशोधकांनी ती जागा उकरली, तेव्हा काही कवट्यांवर मारहाणीच्या खुणा आढळल्या. म्हणजे सारेच काही रोगाने मेले नव्हते! गलबताची यादी हाताशी होती. एका सांगाड्यास वरची एक दाढ जन्मतःच नव्हती. यादीत जॉन रडी हा डोनेगल परगण्यातील अठरा वर्षांचा मुलगा होता, आणि आयर्लंडातील रडी घराण्यातील काही जणांस तीच दाढ नसते असे कळले. एवढ्या पुराव्यावर तो रडीच असावा असे ठरवून २०१३ साली त्याला मायभूमीत पुरण्यात आले. त्याच गलबतावर कॅथरिन बर्न्स ही एकोणतीस वर्षांची विधवा आपल्या वृद्ध सासऱ्याबरोबर निघाली होती. तिच्या मानल्या गेलेल्या अस्थी २०१५ साली टिरोनला परतल्या.

बोरघाटात उतरलेल्यांची अशी यादी कोठली असणार? ते बंदरातून आले नाहीत, पायवाटांनी आले.

आमच्या किनाऱ्याने जाणारी कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली. ती बांधताना मेलेल्यांसाठी रत्नागिरीस श्रमशक्ती स्मारक उभारले आहे. माळव्यात तुकोजीराव होळकरांनी १८७० साली इंदूरच्या मार्गासाठी इंग्रज सरकारास १ कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले. व्याजाचा दर शेकडा साडेचार, हेही आपल्याला ठाऊक आहे. सावकाराचा हिशेब असा चोख उरला! पातालपाणी-कालाकुंडचा घाट त्याच मार्गावर. सहलीस जाऊन तेथला कलाकंद खाल्लेली मुले आपल्या शाळेत पुष्कळ असतील. तो घाट फोडणाऱ्यांची नावे मी शोधू लागलो, आणि हाती काही लागेना तेव्हा वर्गात एक कोरी वही ठेवली: ज्याच्या घरी कोणी रुळांवर, पुलावर, खडी फोडण्यावर राबले असेल, त्याने आजी-आजोबांना विचारून नाव व गाव त्यात लिहावे. आठवडाभर वही कोरीच राहिली. मग मागच्या बाकावरील एका मुलीने आपल्या पणजीचे नाव लिहिले, आणि गावाच्या रकान्यात लिहिले, ‘जेथे काम तेथे.’