आजीच्या पाटलीची अंगठी

प्रश्न : डिसेंबरमध्ये माझा साखरपुडा आहे. आजीची २२ कॅरेटची पाटली आटवून होणाऱ्या बायकोसाठी हिऱ्याची अंगठी घडवायची आहे. आमचे सराफ १८ कॅरेट सुचवतात. यात फसवणूक तर नाही ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, सल्ला योग्य आहे. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, म्हणून ते मऊ. हिरा धरणाऱ्या नख्या रोजच्या वापरात वाकतात आणि खडा कुठे पडला ते कळतही नाही. १८ कॅरेटमध्ये सोनं ७५ टक्के. बाकीच्या तांबं-चांदीमुळे दागिना कणखर होतो.

हिशेब मात्र शुद्ध सोन्यावर मांडा. पाटली आटवल्यावर लगडीचा कस तुमच्यासमोर तपासायला सांगा. जुन्या दागिन्यात डाकामुळे तो अनेकदा कमी भरतो. दहा ग्रॅमची पाटली पूर्ण २२ कॅरेट निघाली, तर तिच्यातून १८ कॅरेटचं बारा ग्रॅमहून थोडं जास्तच सोनं होतं. उरलेलं परत मागताना संकोच नको, सराफ घरोब्याचे असले तरी! घट, घडणावळ आणि हिऱ्याचं वजन पावतीवर वेगवेगळं हवं. हिऱ्याचा कॅरेट निराळा, एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम.

अंगठीवर हॉलमार्क, ७५० आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी घ्या. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो.

ओतकामाआधी मेणाचा नमुना तिच्या बोटात घालून बघा. सरप्राइजचा हट्ट इथे सोडलेला बरा. बोटाचं माप संध्याकाळी घ्या, सकाळी थंडीत बोटं बारीक असतात.